बाबांचं सोंग

शनिवारी रात्री साडेदहा वाजले की आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसे. डिचोलीच्या बाहेर, खाणीच्या रस्त्याला लागून आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे चार पावलांचा सोपो. दिवसभर त्या रस्त्याने मातीने भरलेले ट्रक जात. दाराच्या कड्या थरथरत, ताटं मांडणीवर आपोआप वाजत आणि आईने सकाळी पुसलेली खिडकी दुपारपर्यंत पुन्हा तांबडी होई. रात्री ट्रक थांबले की कानांना एकदम हलकं वाटे. त्या हलकेपणातच आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा. मुंबईहून चार नट येत आणि तासाभरात सात-आठ छोटी प्रहसनं करून जात. त्यांची खरी नावं आम्ही क्वचितच घेतली. उंच होता तो बांबू. गोल चेहऱ्याचा होता तो उंडो, कारण आमच्याकडचा पोदेर सकाळी जो गोल, कडक पाठीचा पाव आणून टाकतो तो उंडो थेट तसाच दिसतो. बारकी, तिखट बोलणारी बाई ती मिरसांग, म्हणजे मिरची. चौथ्याला मिशी होती आणि तो बहुतेक वेळा पोलीस व्हायचा, म्हणून तो पोलीस.

बाबा खाणीवर ट्रक चालवत. आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे. बाबा लग्नाआधीच कामासाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. जुन्या ट्रकांचं इंजिन केबिनच्या आत, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला असे. वीस वर्षं ते धडधडणं डाव्या कानाशी घेऊन बाबांचा तो कान गेला होता. उजव्या कानाने ते ऐकत, पण टीव्हीवरचं भरभर बोलणं त्यांना पकडता येत नसे. म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला पाटावर बसे आणि प्रत्येक विनोद त्यांच्या कानात पुन्हा सांगे. आईचं आणि माझं हसून झालं की बाबांचं हसू येई. शेजारच्या सुमतीवयनीला आमच्या घरातून दोनदा हसणं ऐकू येतं याचं मोठं नवल वाटे.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि त्या कार्यक्रमाची भक्त होते. भक्त म्हणजे आंधळी नव्हे. रविवारी सकाळी मी आदल्या रात्रीच्या भागावर बाबांना माझं मत ऐकवत असे आणि बाबा चहात पाव बुडवून ते ऐकत. माझं एक ठाम मत असं होतं की या लोकांना शेवट करता येत नाही. शेवट सुचला नाही की उंडो लुगडं नेसून बाहेर येतो. बाबांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, ‘‘शेवट जाव दी गो. मधी कसा करतत ता बघ. तो बांबू नुसतो उभो रवलो तरी हसाक येता.’’ बांबू त्यांचा लाडका. एका प्रहसनात बांबू एसटीच्या रांगेतली आपली जागा विकतो आणि मग पुन्हा शेवटी जाऊन उभा राहतो, असं काहीतरी होतं. ते बाबांनी आईला कितीतरी वेळा करून दाखवलं असेल.

पावसाळ्यात खाणीची वाहतूक बंद असे. तेव्हा बाबा एका ओळखीच्या माणसाची व्हॅन पर्यटकांसाठी भाड्याने चालवत. त्या वर्षी या चौघांचा म्हापशात जाहीर कार्यक्रम ठरला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गोवा दाखवायला व्हॅन घेऊन नेमके बाबा गेले. आदल्या रात्री बाबांना झोप आली नाही. मला झोप आली नाही ते सांगायलाच नको. बाबांनी त्यांना चोपड्याला फेरीबोटीने नेलं, तिथून पेडण्याच्या बाजूने तेरेखोलचा किल्ला दाखवायला न्यायचं ठरलं होतं. पण वाटेत पाऊस इतका वाढला की तेरेखोलची फेरी बंद आहे असं कळलं आणि किल्ला राहिला. मग बाबांनी गाडी फिरवली आणि त्या चौघांना सरळ आमच्या घरी जेवायला आणलं.

आईला निरोप नव्हता, काही नव्हतं. दारात व्हॅन थांबली आणि तिच्यातून बांबू वाकून उतरला. आई पदर खोचून आत गेली. समुद्राची मासळी त्या दिवसांत कुठली असायला, पण सकाळीच नदीचे शेवटे मासे आले होते, त्यांचं नारळाच्या रसातलं हुमण झालेलं होतं. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर केली, फणसाच्या आठळ्या, आमच्या घोट्या, घालून भाजी केली, सोलकढी होतीच. सुमतीवयनीने आपल्या घरची काचेची ताटं आणून दिली. सोप्यावर पंगत बसली. मी वाढत होते. मिरसांगने माझं नाव विचारलं तेव्हा ते मला चटकन आठवलंसुद्धा नाही.

जेवताना बांबूने विचारलं, ‘‘काका, पाऊस थांबला तर किल्ला उद्या बघता येईल?’’

बाबा म्हणाले, ‘‘किल्ली? किल्ली गाडयेकच आसा. कोण नेना नाय हयसर.’’

सगळे हसले. बाबांना आधी कळलं नाही, मग मी कानात सांगितल्यावर तेही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग, आपण का चुकलो ते पाहुण्यांना सांगायला हवं असं वाटून असेल, त्यांनी डाव्या कानाची सगळी कथा सांगितली. इंजिन कुठे असतं, पहिल्यांदा कान कधी वाजायला लागला, आता त्या बाजूने हॉर्नही कसा ऐकू येत नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘पण ह्या भायर सांगू नकात हां. कंपनीक कळला तर गाडयेवरसून उतरवतले माका.’’ बांबूने बाबांच्या हातावर हात ठेवला. म्हणाला, ‘‘काका, तुमचं मीठ खाल्लंय.’’ मी हातात सोलकढीचं भांडं घेऊन उभी होते. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

गणपतीची चवथ झाली, पाऊस सरला, खाणीचा सिझन सुरू झाला. एका शनिवारी कार्यक्रमाच्या शेवटी मिरसांगने सांगितलं की पुढचा भाग खास गोव्याचा. बाबांनी ते मला तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांनी साऱ्या वाड्याला बोलावणं केलं. आईने चण्याची उसळ केली, पोदेराकडून जादा पाव घेतले. सुमतीवयनी, तिचा नवरा, बाबांच्याबरोबर ट्रक चालवणारे दोघे, त्यांच्या बायका, पोरं असे वीस-पंचवीस जण आमच्या त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसले. बाबांनी नवा शर्ट घातला होता. टीव्हीसमोर बसायला नवा शर्ट!

त्या भागाबद्दल माझं मत आज विचाराल तरी तेच आहे, आणि ते बाबांमुळे बनलेलं नाही. भाग मुळात वाईट होता. पहिलं प्रहसन परदेशी बाईला बघून पाघळणाऱ्या नवऱ्याचं होतं. इतकं शिळं की त्यात मुंबईऐवजी गोवा म्हणायचे तेवढेच कष्ट त्यांनी घेतले होते. दुसऱ्यात पोलीस आपलं वाक्य विसरला आणि ते तसंच दाखवलं. गोव्याचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे एक पिंप, दोन माड आणि सगळ्यांच्या तोंडी ‘‘मॅन’’. आमच्यापैकी कुणी उभ्या जन्मात कुणाला ‘‘मॅन’’ म्हटलं नव्हतं. लेखकाने घाईत लिहिलेलं आणि नटांनी त्याहून घाईत केलेलं काम होतं ते. लोक हसत होते, पण पाहुणे म्हणून आलेले लोक हसतात तसे.

तिसऱ्याला बांबू आला. खाकी अर्धी बाही, गळ्यात पंचा, अंगभर लाल रंग फासलेला. मागे मिरसांग लुगड्याचा काष्टा मारून, हातात भलंमोठं भांडं. बाकीचे दोघे प्रवासी.

‘‘काका, किल्ला कुठे?’’

बांबूने कानाला हात लावला. ‘‘किल्ली? किल्ली गाडयेकच आसा!’’

खोलीत एकदम हशा उठला. प्रवासी म्हणाले, ‘‘पुरे काका, पोट भरलं,’’ तर हा म्हणतो, ‘‘पुरी? पुरी नाय, पाव आसा!’’ आणि मिरसांग त्यांच्या ताटात पाव कोंबते. प्रवासी पळतात, हा ताट घेऊन मागे धावतो, अडखळतो, पडतो. आणि प्रत्येक वेळी पडला की प्रेक्षकांकडे तोंड करून, तोंडाला हात लावून म्हणतो, ‘‘कंपनीक सांगू नकात हां!’’ एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचव्यांदा टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते.

बाबा पडद्याकडे बघत होते आणि हसायच्या तयारीत होते. बांबू पडल्यावर त्यांना हसू आलंही. मग त्यांनी नेहमीसारखी मान माझ्याकडे कलती केली आणि विचारलं, ‘‘काय म्हणता गो तो?’’

मी पडद्याकडेच बघत राहिले.

‘‘काय म्हणता? सगळे हसतत.’’

‘‘काय नाय, बाबा,’’ मी म्हटलं.

तेवढ्यात सुमतीवयनी मागून मोठ्याने ओरडली. तिच्या मनात वाईट नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. ‘‘अहो, तुमचाच केल्यानी! कंपनीक सांगू नकात, म्हणता!’’

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग बरोबरच्या दोन ड्रायव्हरांकडे. ते दोघे हसता हसता थांबले होते. ह्या कानाची गोष्ट त्यांना माहीत असणारच. रोज एकत्र काम करणाऱ्यांपासून काय लपतं? पण माहीत असणं वेगळं. बाबा मग हसायला लागले. खूप वेळ हसले. घरचे यजमान तेच होते, लोक त्यांच्या सांगण्यावरून आले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने तो काष्टा, ते भांडं, ते पाव कोंबणं सगळं पाहिलं होतं. ती आत गेली आणि उरलेली उसळ तिने वाढलीच नाही.

लोक गेल्यावर बाबा सोप्यावर बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, ‘‘उलटो कान धरल्यान.’’

‘‘काय?’’

‘‘मी उजवो कान फुडे करतंय. तेणी डावो धरल्यान. दोन तास माझ्या समोर जेवलो, पण नीट बघूक नाय.’’

त्या एका वाक्याइतकी नेमकी टीका त्या कार्यक्रमावर कुणी केली असेल असं मला वाटत नाही. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि मला ती पुरेशी वाटली नाही. मला त्यांना फाडून काढायचं होतं. रविवारी सकाळी पाव चहात बुडवायला बाबा बसले नाहीत, सरळ कामावर गेले, आणि मी वही काढली. चार पानी पत्र लिहिलं. वाहिनीला पाठवून उपयोग नव्हता; मी पूर्वी दोन स्तुतीची पत्रं लिहिली होती, त्यांचं कधी उत्तर आलं नव्हतं. म्हणून ते पणजीच्या एका मराठी दैनिकाच्या वाचकांच्या पत्रांसाठी धाडलं. शिळे विनोद, विसरलेली वाक्यं, खोटी भाषा, सगळं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की ज्या काकांना तुम्ही जोकर केलंत ते खरे आहेत. त्यांचं नाव अमुक, ते डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवतात, वीस वर्षं तुमच्या आमच्यासाठी इंजिनाची धडधड सोसून त्यांचा डावा कान निकामी झाला आहे, यात हसण्यासारखं काय आहे ते सांगा. खाली माझं पूर्ण नाव, गाव. बाबांचं नाव मी दोनदा गिरवलं. मला वाटलं, मी बाबांना त्यांचा चेहरा परत देते आहे.

पत्र छापून आलं. वर जाड अक्षरांत मथळा होता. कॉलेजात मराठीच्या सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मुलींनी मला मधल्या सुट्टीत घेरलं. दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. आईला वाचता येत होतं, तिने वाचलं, घडी केली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. बाबांनी वाचलं की नाही ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा दुपारी बारालाच घरी आले. खाणीवरच्या साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं होतं. टेबलावर पेपर होता. साहेब वाईट बोलले नाहीत. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले की हे आता छापून आलं आहे, उद्या काही झालं तर उत्तर आम्हांला द्यावं लागेल. डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने कानात मशीन घातलं, कागदावर रेघा काढल्या, आणि बाबांच्या हातातून ट्रक गेला.

हे सगळं त्यांनी आईला सांगितलं, उभ्या उभ्या, पायातल्या चपला न काढता. मी दारात होते. मी म्हटलं, ‘‘बाबा, हे त्यांच्यामुळे झालं. त्या बांबूमुळे. त्यांनी ते टीव्हीवर...’’

बाबा माझ्याकडे वळले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘तेणी नाव घेवक नाय गो,’’ ते म्हणाले. ‘‘नाव तू घेतलंस.’’

त्यानंतर त्यांना तिठ्यावर बावटेवाला केलं. दोन्हीकडून येणाऱ्या ट्रकांना हिरवा-लाल बावटा दाखवायचा आणि दिवसभर उन्हात धूळ खात उभं राहायचं. ज्यांच्याबरोबर त्यांनी वीस वर्षं गाडी चालवली ते त्यांच्यासमोरून जात. काही जण हॉर्न देत. काही जण खिडकीतून ओरडत, ‘‘कंपनीक सांगू नकात हां!’’ बाबा हात हलवत. हे मला बाबांनी सांगितलं नाही. मी कॉलेजच्या बसमधून जाताना पाहिलं आहे, आणि बसमधल्या मुली हसल्या तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड केलं आहे, हेही इथे लिहून ठेवते.

आमच्या घरात तो कार्यक्रम पुन्हा लागला नाही. कुणी बंद करा म्हटलं नाही; शनिवारी रात्री आई लवकर दिवा मालवू लागली, एवढंच. बाबांच्या कानात काही सांगण्याची माझी सवयही हळूहळू गेली. पुढे मी शिक्षिका झाले, पेडण्याला लग्न होऊन गेले. बाबांनी तिठ्यावर नोकरी संपवली. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ महिनाभर होते आणि रोज ठरवत होते की आज त्यांची क्षमा मागेन. एकदा मागितलीही. बाबा म्हणाले, ‘‘तू ल्हान होतंस.’’ मग म्हणाले, ‘‘पत्र बरा लिवलेला.’’ म्हणजे त्यांनी ते वाचलं होतं. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लोक मला सांगतात, इतकी वर्षं झाली, सोड आता. अलीकडे आमच्या कुटुंबाच्या फोनवरच्या गटात माझ्या नवऱ्याच्या भाचीने त्या प्रहसनाचा तुकडा पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘‘काय निरागस विनोद होता ना तेव्हा!’’ तिला बिचारीला काहीच माहीत नाही. मी तो तुकडा पुन्हा पाहिला, कारण टीका करायची तर नीट बघून करावी. तो आजही वाईटच आहे. बांबू पडतो ते खोटं पडतो. पडायच्या आधी जागा बघून घेतो. उंडो कारण नसताना ओरडतो. आणि शेवट नाहीच. अखेर काही सुचत नाही म्हणून सगळे मिळून नाचतात. तेव्हा मला वाटलं होतं की ते बाबांवर हसले म्हणून मी चिडले. आज वाटतं, त्यांनी बाबांसारख्या माणसावर इतकं कमी कष्ट घेऊन हसून दाखवलं, याची चीड अधिक आहे.

गेल्या वर्षी म्हापशात बांबूचा सत्कार झाला. मी गेले. का गेले, ते घरात कुणाला सांगितलं नाही. तो आता वाकला आहे, काठी घेतो, आवाज मात्र तोच. भाषणात त्याने गोव्याच्या पाहुणचाराचं कौतुक केलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. नंतर भेटायला रांग लागली, तीत मी उभी राहिले. काय बोलायचं ते मी तीस वर्षं पाठ केलेलं होतं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘‘तुम्ही आमच्या घरी जेवला होतात. डिचोलीला. पावसात किल्ला बघायचा राहिला होता.’’

त्याने डोळे बारीक केले. मग त्याचा चेहरा उजळला. ‘‘अहो, त्यावर आम्ही एक धमाल भाग केला होता! ते काका! आहेत का अजून?’’

‘‘नाहीत.’’

‘‘अरेरे. फार गोड माणूस.’’ त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. ‘‘मी आता जिथे जाईन तिथे त्यांची आठवण सांगणार. नाव काय हो त्यांचं?’’

त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने लिहून घ्यायला पेन उघडलं. रांगेतले लोक कौतुकाने माझ्याकडे बघत होते. नाव माझ्या जिभेवर आलेलं होतं.

मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, ‘‘तुम्हांला कशाला हवं?’’